तीन कुलपं आणि ताईचं मौन

"आपल्या वेबसाइटमध्ये मुंगीलासुद्धा शिरता यायचं नाही," असं कवळीवाल्याने संध्याकाळी दुकान बंद करताना आपल्या थोरल्या बहिणीला बजावून सांगितलं. त्याने नवा पासवर्ड लावला होता. त्यावर मोबाइलवर येणारा आकडा. त्यावर एक गुप्त प्रश्न, ज्याचं उत्तर त्याला स्वतःलाच आठवत नव्हतं. "तीन कुलपं, ताई. आता निवांत झोप."

वेबसाइटवर त्याचा जीव असण्याला कारण होतं. दात नसलेल्या माणसाला फोनवर बोलायची लाज वाटते, त्यामुळे त्याची गिऱ्हाइकं सगळी तिथूनच येत.

सकाळी समोरच्या खोलीतल्या खुर्च्या पुसून ताईने मोबाइलवर वेबसाइट उघडली. भावाचा फोटो तोच, कवळ्यांची रांग तीच, पण वर लाल पट्टी होती: 'आज सर्वांना कवळी मोफत. फक्त कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे भरा.'

दुसरी कोणी असती तर तिथूनच हाक मारली असती. पण ताई दुपारी बारापर्यंत बोलत नसे. भावाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा तिने देवाला शब्द दिला होता, की हा उठून बसला तर रोज सकाळी मी तोंड उघडणार नाही. तो उठून बसला आणि ताई गप्प झाली. लिहून सांगणंही नाही. ते हाताने बोलणंच, असं तिचं म्हणणं. खुणा चालत, त्याही अगदी गरजेपुरत्या.

"मला डॉक्टरांनी वाचवलं," भाऊ म्हणायचा. "तुझ्या मौनाने वाचले असतील तर शेजारी."

ताई मागच्या खोलीत गेली. तो एक वरचा जबडा घासत बसला होता. तिने पदर नाकावर ओढून चोर करून दाखवला.

"धूळ होतेय? खिडकी उघड."

तिने मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला.

"फोटो चांगलाच आलाय माझा."

तिने लाल पट्टीवर बोट आपटलं. त्याने चष्म्यावरची भुकटी पुसून ती वाचली, उठून आपला कॉम्प्युटर लावला आणि पडदा तिच्याकडे फिरवला. तिथे पट्टी नव्हती. सगळं कालच्यासारखं जागच्या जागी.

"तुझा फोन बिघडलाय, ताई. तीन कुलपं आहेत म्हटलं ना."

ताईने कपाळाला हात लावला. ही खूण मात्र त्याला बरोबर समजली आणि तो रागावला.

तेवढ्यात दुकानात माणसं जमू लागली. मोफत म्हटल्यावर लाज कुठल्या कुठे पळाली होती.

"वरची फुकट की दोन्ही?" एक आजोबा म्हणाले.

"कोणी सांगितलं फुकट?"

"तुम्हीच. हा काय तुमचा हसरा फोटो."

कवळीवाल्याने कॉम्प्युटर उचलून समोर आणून ठेवला. आजोबांनी मोबाइल पुढे केला. शेजारच्या बाईंनीही केला. एका बाजूला एक कॉम्प्युटर, दुसऱ्या बाजूला पाच मोबाइल, आणि दोन्हीकडे तोच हसरा माणूस वेगवेगळं बोलत होता.

"शब्द फिरवताय होय?" आजोबा म्हणाले. "दात नाहीत म्हणून काय झालं, डोळे आहेत आम्हाला."

"ताई, तू काही दाबलंस का?"

इतक्या वर्षांत ताईला मौन इतकं जड कधी गेलं नव्हतं. तिने मान फिरवली आणि तिला कोपऱ्यातल्या खुर्चीतल्या आजी दिसल्या. त्यांनी मांडीवर पेन्शनचं कार्ड उलटं धरलं होतं आणि एका बोटाने, मन लावून, त्या मोबाइलवर आकडे भरत होत्या. साऱ्या आयुष्याची पुंजी त्या कार्डात.

"थांबा," ताई म्हणाली.

भावाच्या हातातला जबडा खाली पडला.

आजींनी कानामागे हात धरला. "काय म्हणालात?"

"थांबा, ते चोर आहेत."

"जरा मोठ्याने बोला, मला कमी ऐकू येतं."

तिसऱ्यांदा ताई अशी ओरडली, की रस्त्यापलीकडच्या शिंप्याने मशीन थांबवली. मग ती पुढे झाली आणि तिने आजींच्या हातातून मोबाइल काढून घेतला. शेवटचा एकच आकडा राहिला होता.

"मोबाइल आधीच काढून घ्यायचास ना," भाऊ हळूच म्हणाला.

ते तिला सुचलंच नव्हतं.

पण हात भाजला तेव्हाही न ओरडलेली ताई बोलली, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, हे त्याला पटलं. ज्या कंपनीकडून वेबसाइटचं नाव घेतलं होतं, तिला त्याने फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एक माणूस बोलला. "तुमची कुलपं शाबूत आहेत, साहेब. सगळ्या वेबसाइटांच्या नावांची नोंद जिथे असते, तिथेच चोर शिरले. नाव तुमचं ठेवलं, त्यापुढचा पत्ता स्वतःचा लिहिला. तुमच्या कॉम्प्युटरला जुना पत्ता पाठ आहे, म्हणून तो अजून घरी येतोय. बाकीचे चोराकडे जातायत. संध्याकाळपर्यंत सुधारतो."

म्हणजे याने घराला तीन कुलपं लावली आणि चोराने नाक्यावरची पाटीच फिरवली.

माणसं पांगली. कवळीवाला खुर्चीत बसला. थोड्या वेळाने त्याने डाव्या छातीवर हात ठेवला, मग काढला, मग पुन्हा ठेवला.

"ताई," तो म्हणाला. "तू बोललीस खरी. पण माझ्यासाठीच ना ते मौन? आता मला काही होणार तर नाही ना?"

ताईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बाराला अजून वीस मिनिटं होती. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि खुर्च्या पुसायला घेतल्या.