मुक्ताचा वन्समोअर

मुक्ता आमच्या वॉशिंग मशीनलाही दाद देते. मशीन गरगर फिरून थांबलं की जिन्यावरून ओरडते, "वा! बरोबर समेवर आलं, काकू!" इथे विलायतेत, आमच्या एजवेअर भागातल्या बसचं दार उघडताना सुस्कारा टाकतं, त्याला मान डोलावते. कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला "जियो!" म्हणते. माझ्या पिठल्याला एकदा तिने हात उंचावून अशी दाद दिली की माझ्या हातातला डाव खाली पडला.

मला मोठ्याने बोलणाऱ्या माणसांची धास्ती वाटते. चार बायका जमल्या तरी मी भिंतीकडची खुर्ची धरते. मुलाने आणि सुनेने वरची लहान खोली हिला भाड्याने दिली, तेव्हा पहिले आठ दिवस मी माझ्याच स्वयंपाकघरात चोरासारखी वावरत होते.

मुक्ता सांगलीकडची. इथे हवामानाचं काही मोठं शिक्षण घेते. वडील निवृत्त मास्तर, गावच्या संगीत नाटकांत गाणारे. पोरीला गाणं त्यांनीच शिकवलं. ती गाणं सोडून विलायतेला निघाली आणि त्यांनी अबोला धरला. त्याला आठ महिने झाले. दर रविवारी फोनवर बोलते ती आईच.

"काकू, काय सांगितलं म्हणजे बाबा बोलतील हो?" मी पोळ्या लाटत असले की ती विचारायची. बर्फ पडला ते सांगून झालं, राजवाडा पाहिला ते सांगून झालं. मास्तर ढिम्म.

मग एक दिवस ती ऑपेराची दोन तिकिटं नाचवत आली. "हे इथल्या लोकांचं संगीत नाटक. याच्याबद्दल ऐकल्यावर बाबांना राहवणारच नाही. तुम्ही पण चला."

"अगं, मला इंग्रजी कुठे येतं?"

"ते इटालियनमध्ये आहे. मलाही येत नाही. झालो की नाही सारख्या?"

नाटकाला जायचं तर रेशमीच नेसायचं, असा तिचा हुकूम. मी जांभळी साडी नेसले, थंडीसाठी पायांत मोज्यांचे दोन जोड. आमच्या खुर्च्या इतक्या उंचावर की हात वर केला तर छताला लागेल. आजूबाजूला सगळे जीन्समध्ये, इवल्याशा चमच्याने आइस्क्रीम खात बसलेले.

"बघा," मुक्ता म्हणाली, "नाटकाला आल्यासारख्या आपण दोघीच दिसतोय."

पडदा उघडला. एक धिप्पाड बाई आणि एक बुटका गृहस्थ एकमेकांवर प्रेम करत होते, एवढं मला कळलं. मुक्ता मांडीवर बोटांनी ताल धरून होती. मधूनच "अहाहा!" म्हणायची. पुढच्या रांगेतले म्हातारे साहेब दोनदा वळले. तिसऱ्यांदा वळले तेव्हा तिने त्यांना हातानेच विचारलं, काय गातेय ना?

शेवटी त्या बाईने विष घेतलं. घेतलं आणि पाऊण घटका गायली.

"दम बघा काकू, दम!" मुक्ताच्या डोळ्यांना धार लागली होती. बाईने शेवटचा सूर लावला, आडवी झाली. सगळं थिएटर चिडीचूप. आणि त्या शांततेत माझ्या शेजारून तोफ सुटली.

"वन्स मोअर!"

मी पदर डोक्यावरून घेतला, थेट हनुवटीपर्यंत. खालून वरपर्यंत माना वळल्या. मग टाळ्यांचा कडकडाट झाला, पण मुक्ता उभीच. "वन्स मोअर! वन्स मोअर!"

अंधारातून गणवेशातला एक दारवान आला. हळूच म्हणाला, "मॅडम, आर यू ऑलराइट?"

"तिला परत गायला सांगा," मुक्ताने त्याला इंग्रजीत सांगितलं.

त्याने जे उत्तर दिलं ते तिने मला मराठीत सांगितलं: "परत मंगळवारी आहे म्हणे! मंगळवारचं मंगळवारी. आत्ता गळा तापलाय तिचा!"

"अगं, मेली ना ती," मी पदराआडून म्हटलं.

"मग काय झालं? आमच्याकडे विष घेतलेला माणूस उठून पुन्हा गातो आणि पुन्हा मरतो. बाबा एकदा तीन वेळा मेलेत."

रविवारी सकाळी तिने स्पीकरवर फोन लावला. मी तिथेच भाजी निवडत होते. तिने आईला सगळं सांगितलं, विष, दारवान, मंगळवार. तिकडे आई हसत होती आणि मागे अडकित्ता चालल्याचा आवाज येत होता. म्हणजे मास्तर जवळच बसले होते. गोष्ट संपली. मुक्ता जरा थांबली, मग नेहमीसारखं "बरं, ठेवते आई" म्हणाली.

अडकित्ता थांबला.

"पेटीला कोण होतं?" जाड, खरखरीत आवाज आला.

मुक्ताने तोंड उघडलं. कधी नव्हे ते या पोरीच्या घशातून आवाजच येत नव्हता. तिकडून पुन्हा, "हॅलो? हॅलो?" तिने घाईघाईने फोन माझ्या हातात कोंबला आणि ओट्याशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

मी परक्या पुरुषाशी फोनवर कधी बोललेले नाही. दोन्ही हातांनी तो घट्ट धरला.

"अहो, ती रडतेय," मी म्हटलं. "दोन मिनिटांत येईल. फोन ठेवू नका."

तिकडे अडकित्ता खाली ठेवल्याचा आवाज आला.

"नाही ठेवत," ते म्हणाले.