शालिनीताईंचा कायदा

संध्याकाळचे सहा वाजले की शालिनीताई गॅस बंद करतात. तव्यावर पोळी फुगत असली तरी.

आमच्या नायगावच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर त्यांचं पोळी-भाजी केंद्र आहे. चार-पाच बायका कामाला. गिऱ्हाईक दारात ताटकळत असलं तरी ताई म्हणणार, "चला गं, वेळ झाली. यापुढे राबवलं तर दुप्पट मजुरी लागते." बायका गेल्या की पुन्हा गॅस पेटवून उरलेल्या पोळ्या स्वतः लाटतात. "मला कुठला कायदा? मी मालक," हे त्या जुनं दुखणं सांगावं तशा सुरात सांगतात.

मी वरच्या मजल्यावरचा, निवृत्त कारकून. त्यांचे कागद बघून देतो. एकदा म्हटलं, "ताई, पगार सात तारखेपर्यंत दिला तरी चालतो. एक तारखेला कशाला ओढाताण करता?"

"मुदत मला आहे, भाऊ. त्यांच्या दूधवाल्याला नाही."

केंद्र उघडलं त्या दिवसापासून त्यांच्याकडे असलेल्या सुनंदाच्या हातून एकदा मिक्सर जळला. मी म्हटलं, पगारातून कापा थोडे. ताई दचकल्याच. "तिचं म्हणणं न ऐकता? कायद्यात बसत नाही!" दुपारी सगळं काम थांबवून सुनावणी झाली. मला साक्षीला बसवलं.

"बोला, सुनंदाबाई." एरवी त्या तिला अगं-तुगं करतात.

"काय बोलू? धूर येतोय म्हणून परवाच सांगितलं ना तुम्हाला. तुम्हीच बोललात, चालव अजून."

ताईंनी जळलेला मिक्सर उलटा करून बघितला. मग म्हणाल्या, "चूक मालकाची आहे." बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. या दोघी मात्र हसल्या नाहीत. संध्याकाळी नवा मिक्सर आला.

गेल्या महिन्यात सुनंदाने काम सोडलं. नाशिकला लेकीला बाळ झालंय, लेकीची नोकरी, बाळाकडे बघायला कोणी नाही. शेवटच्या दिवशी ताईंनी सकाळीच मला खाली बोलावलं. पगार, रजेचे पैसे, सगळा हिशोब जेवणाच्या आत तिच्या हातात ठेवला.

"ताई, एवढी घाई? मी चाललेय की तुम्ही काढताय?" सुनंदाने विचारलं.

"सही कर," ताई म्हणाल्या आणि कणकेकडे वळल्या.

सुनंदा वाकून नमस्कार करायला गेली, तेव्हाही त्यांचे हात परातीतच होते. ती डोळे पुसत निघून गेली. मला ताईंचा रागच आला.

संध्याकाळी डबा घ्यायला गेलो, तेव्हा त्या एकट्याच लाटत बसल्या होत्या. मी न राहवून म्हटलं, "हिशोबाला कायद्याने दोन दिवस मिळतात. आजच्या आज तिला मोकळं करायची काय गरज होती?"

लाटणं थांबलं.

"दोन दिवस घेतले असते, तर मी तिला थांब म्हणाले असते, भाऊ. आणि ती थांबली असती. तिकडे लेकीने काय करायचं?"

त्यांनी माझा डबा भरला, झाकण लावलं, पण माझ्या हातात दिला नाही.

"नाशिकला थंडी फार असते का हो?" त्यांनी विचारलं. "तिचे गुडघे दुखतात. कुणाला सांगायची नाही ती."