विषय : जेवणानंतर ढेकर देण्याबाबत

आमच्या कंपनीत लिफ्टचे दरवाजे बनतात. दरवाजाचा आणि ढेकराचा संबंध काय, असं कुणीही विचारेल. संबंध आहे. दरवाजे परदेशातल्या माणसांना विकायचे असतात, विकण्याआधी त्यांना जेवायला घालावं लागतं, आणि जेवताना माणूस काय करून बसेल याचा नेम नसतो. म्हणून कंपनीत शिष्टाचार कक्ष स्थापन झाला आणि त्याचा प्रमुख म्हणून माझी नेमणूक झाली. कक्षात मी एकटाच आहे, पण प्रमुख आहे.

कुठे नाक शिंकरलं की माणसं जेवणावरून उठतात आणि कुठे ते वर ओढलं की उठतात. कुठे ताट चाटूनपुसून साफ केलं तर यजमानाला वाटतं पाहुणा उपाशी राहिला, आणि कुठे घासभर टाकलं तरी यजमानीणबाई डोळ्यांना पदर लावतात, हे सगळं मला तोंडपाठ आहे. माझ्या हाताखाली तयार झालेला कर्मचारी जेवतो तेव्हा शेजारच्यालाही पत्ता लागत नाही. एकदा सगळा स्टाफ उपाहारगृहात जेवत असताना वीजमिस्त्री आला आणि खोली रिकामी समजून दिवे मालवून गेला. कुणी हूं की चूं केलं नाही. अंधारातही कुणाचा चमचा वाजला नाही. माझा तर ऊर भरून आला.

घरी मात्र बाबा होते.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले. जन्मभर बॉयलरवर काम केलेला माणूस. तिथल्या गोंगाटात ओरडल्याशिवाय काही ऐकू जायचं नाही, त्यामुळे त्यांचं सगळंच मोठ्याने. बोलणं, हसणं, चहाचा भुरका. जेवण झालं की ते मागे रेलत, पोटावरून हात फिरवत आणि असा दणदणीत ढेकर देत की कपाटातले काचेचे पेले किणकिणत. माझी बायको म्हणायची, "चला, पावती मिळाली!" आणि आमची चिमणी टाळ्या पिटायची. शिष्टाचार कक्षाच्या प्रमुखाच्या घरात! शेवटी मी बाबांचं ताट स्वयंपाकघरात हलवलं. ओट्याजवळ छोटंसं टेबल, शेजारी खिडकी, भरपूर वारा.

"माझं काही चुकलं का रे?" बाबांनी विचारलं.

"छे हो बाबा! तुमच्याच सोयीसाठी."

"सोय आहे रे, नाही कशाला म्हणू? पण मला एकट्याला घास उतरत नाही."

"सवय होईल," मी म्हणालो. सवयीवर माझा व्यावसायिक विश्वास आहे.

त्या दिवसापासून बायको माझ्याशी कामापुरतंच बोलू लागली. म्हणजे रोज जेवायला बसताना एकच विचारायची, "त्यांना आत एकटं बसवून तुला जेवण जातं तरी कसं?" मला व्यवस्थित जात होतं.

अशात एके दिवशी मोठ्या साहेबांनी बोलावलं.

"गेल्या खेपेचे पाहुणे आठवतात? जेवून गेले आणि पुन्हा फिरकले नाहीत?"

"आठवतात ना साहेब. आदर्श जेवण झालं होतं ते. कुणाचा श्वाससुद्धा ऐकू आला नाही."

"तेच तर नडलं! त्यांच्याकडे म्हणे सूप भुरकून प्यायचं असतं. आणि शेवटी ढेकर द्यायचा. यजमानाने ढेकर दिला नाही, तर पाहुण्याच्या संगतीत त्याला जेवण गेलं नाही, असा अर्थ होतो. आणि आपण बसलो मख्खासारखे! ते परत येताहेत. यावेळी दरवाजे गेले तर तुमचा कक्षही गेला, समजलं?"

समजलं. मी तातडीने परिपत्रक काढलं : 'सर्व संबंधितांनी भोजनसमयी सूप ऐकू येईल अशा रीतीने प्राशन करावे. भोजनानंतर ढेकर द्यावा. सदर ढेकर उत्स्फूर्त असावा. उत्स्फूर्ततेची तालीम रोज दुपारी उपाहारगृहात घेतली जाईल. गैरहजर राहणाऱ्याची रजा कापण्यात येईल.'

तालीम बघवत नव्हती. ज्यांच्या घशांना मीच वर्षानुवर्षं कुलपं घातली होती, ते घसे आता उघडेनात. सोड्याच्या बाटल्या मागवल्या. हिशेबनिसांना उचकी लागली ती थांबेचना, आणि उचकीचा त्या देशात काय अर्थ होतो ते शोधायला मला कक्षात धावावं लागलं. खरेदी विभागाच्या बाईंनी ढेकर येत नाही म्हणून 'ढेकर' असा शब्दच स्पष्ट उच्चारला आणि तो ग्राह्य धरावा असा अर्ज केला. विक्री अधिकाऱ्यांना एकदाचा खरा ढेकर आला, पण सवयीने ते लगेच "माफ करा" म्हणाले आणि सगळ्यावर पाणी पडलं.

घरी येऊन मी डोक्याला हात लावून बसलो. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हात्तिच्या! अरे, ज्यांना गावभर शोधतोयस ते आत बसून एकटे जेवताहेत."

अशा रीतीने बाबांची 'मानद भोजन सल्लागार' या पदावर नेमणूक झाली.

"ढेकर काय शिकवायचा असतो होय?" बाबा उपाहारगृहात सगळ्यांना म्हणाले. "पोटभर जेवायचं, शेजारच्याशी चार गोष्टी बोलायच्या. तो आपला आपण येतो."

मी लगेच पुरवणी परिपत्रक काढलं : 'शेजाऱ्याशी बोलावयाच्या गोष्टी : चार.' बाबा मात्र मोजत नव्हते. बॉयलरवरचे किस्से सांगत ते एकेकाच्या शेजारी जाऊन बसले. लोक हसायला लागले, दोनदा वाढून घ्यायला लागले. हिशेबनिसांची उचकी गेली आणि तिच्या जागी असा काही ढेकर आला की ते स्वतःच दचकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हजेरी घेतली.

पाहुणे आले. त्यांचे प्रमुख वयस्कर, कडक इस्त्रीचे, सोबत दुभाषी बाई. बाबांना मी त्यांच्या शेजारी बसवलं. सूप आलं. आमच्या बाजूने भुरक्यांचा एकच धडाका सुरू झाला, आणि समोर बघतो तर काय, पाहुणे कोपर अंगाशी चिकटवून, ओठ मिटून, मुक्याने जेवताहेत! बाबांना आवरावं म्हणून मी खुणा करत होतो, पण तेवढ्यात त्यांचं जेवण झालं. ते मागे रेलले, पोटावरून हात फिरवला आणि दिला.

पाहुण्यांचे काटे हवेतच थांबले. प्रमुखांनी नॅपकिन उचलला आणि डोळ्यांना लावला. गेले दरवाजे, मी मनात म्हटलं. गेला कक्ष.

प्रमुख काहीतरी बोलले. दुभाषी बाईंनी सांगितलं, "ते म्हणतात, आमच्याकडे आता असं कुणी करत नाही. आमच्या कंपनीतही शिष्टाचार कक्ष आहे, तो आम्हाला गप्प जेवायला शिकवतो. गेल्या वेळी तुम्हीही तसेच जेवलात, तेव्हा वाटलं, हे तर आमच्याच ऑफिसात बसल्यासारखं झालं. असा ढेकर मी शेवटचा ऐकला तो माझ्या वडिलांचा. चारचौघांत लाज वाटते म्हणून आम्ही त्यांना आत जेवायला बसवत होतो. आता ते नाहीत."

मग ते बाबांकडे वळले. बाई म्हणाल्या, "ते विचारताहेत, घरी तुम्ही कुणाबरोबर जेवता?"

माझ्या हातातला चमचा वाजला. नोकरीत प्रथमच. मोठे साहेब माझ्याकडे बघत होते. बाबांनीही माझ्याकडे बघितलं, अगदी क्षणभर.

"कुणाबरोबर म्हणजे? सगळ्यांबरोबर!" ते म्हणाले. "हा माझा मुलगा, हा माझ्या शेजारीच बसतो. मी असलो की त्याला जेवण गोड लागतं."

माझा जीव भांड्यात पडला. प्रमुखांनी बाबांचा हात धरून ठेवला, पुन्हा वाढून घेतलं आणि निघण्याआधी करारावर सही केली.

मला बढती मिळाली. कक्षाला आणखी एक खोली मिळाली. बायको म्हणाली, "खोटं बोलले ते तुझ्यासाठी. आता तरी?" मी काही दगड नाही. मी त्याच आठवड्यात घरासाठी सुधारित धोरण तयार केलं : ढेकर मान्य असलेल्या देशांचे पाहुणे आपल्या घरी जेवायला येतील त्या दिवशी बाबा बाहेरच्या टेबलावर, माझ्या शेजारी. इतर दिवशी पूर्ववत.

बाबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. "छान आहे," म्हणाले. "कधी येणार आहेत रे ते पाहुणे?"

"कळवतो," मी म्हणालो.

आता तुम्ही मला नावं ठेवत असाल. ठेवा, खुशाल ठेवा. पण परवा तुमच्याकडे बडी मंडळी जेवायला येणार होती, तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला "तुम्ही आधी जेवून घ्या, उगाच ताटकळू नका," असं गोड आवाजात कोण म्हणालं होतं? आणि तेही कसलं परिपत्रक निघालेलं नसताना.