न धुतलेली बंडी

"या एप्रिलमध्ये आपण परदेशात जायचंय," हॉबर्ट म्हणाला, आणि ओपलच्या हातातलं उलथणं तव्यावरच राहिलं.

तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं. हनुवटीला अंड्याचा बलक लागला होता, पण चेहरा शुद्धीवर असलेल्या माणसाचा होता. पस्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने तिला नेलेलं सर्वांत लांबचं ठिकाण म्हणजे आर्कान्सॉमधला ट्रॅक्टरचा लिलाव, आणि तिथूनही ट्रॅक्टर न घेताच परत आले होते.

"एप्रिलमध्ये? एप्रिलमध्ये तर टर्कीच्या शिकारीचा मोसम सुरू होतो."

"हो. यंदा इथला पहिला आठवडा सोडतोय मी."

"आणि एकोणीस तारखेला?"

"एकोणीसलाच निघायचं. मेक्सिकोला."

एकोणीस एप्रिल हा त्यांच्या लग्नाचा वाढदिवस. मिझुरीच्या डोंगरांत ज्याला अक्कल आहे तो एप्रिलमध्ये लग्न करत नाही, असं ओपलची आई तेव्हाच बजावत होती. पण त्या वेळी हॉबर्टला टर्की आणि कोंबडी यांतला फरक कळत नव्हता. तो शिकवला ओपलच्याच बापाने. जावयाला लग्नात बंदूक दिली आणि लेकीच्या संसारात कायमची सवत आणून बसवली. तेव्हापासून दर एकोणीस एप्रिलला हॉबर्ट पहाटेच्या आधी उठायचा, बूट चढवायचा आणि दारातून ठरलेलं वाक्य टाकायचा, "येतो गं. जेवायला थांबू नकोस." दुपारी एकला शिकार थांबवायची असा कायदा होता, म्हणून बरं. दोनला घरी यायचा, वाढदिवसाच्या जेवणाला बसायचा आणि हातात काटा धरूनच झोपी जायचा. केक ओपल एकटी खायची. यात कुणाला हसू येत असेल तर येवो, ओपलला एकदाही आलं नाही.

"समुद्र आहे का रे तिथे?" तिने हळूच विचारलं. ओपलने समुद्र पाहिलेला नव्हता. मिझुरीला तो कुठल्याच बाजूने नाही.

"आहे की. विमान उतरतं तेच समुद्राकाठी."

माझ्यासाठी मोसमाचा पहिला आठवडा सोडतोय, या विचाराने तिने शेगडी तशीच सोडली. तिने त्याला बलकासकट मिठी मारली. नंतर ही मिठी आठवली की तिचं डोकं फिरायचं.

रविवारी प्रार्थना झाल्यावर चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती. तिथे ओपलने बातमी फोडली. बायका मक्याचा पाव हातात तसाच धरून ऐकत राहिल्या. तिची नणंद जुनीटा तेवढी शांतपणे कॅटफिश खात होती.

"हॉबर्ट? समुद्रावर? एप्रिलमध्ये?" जुनीटा म्हणाली. "त्याला ताप बीप आहे का?"

"माणसं बदलतात, जुनीटा."

"बदलत असतील. माझा भाऊ नाही बदलायचा."

ओपलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण बाकीच्या बायकांनी तिची बाजू घेतली. पुढच्या रविवारी सगळ्यांनी मिळून तिला गवताची एक भलीमोठी हॅट दिली. तिच्या सावलीत दोन माणसं आरामात बसली असती. पाद्रीबाबांनी "पस्तीस वर्षांनी एकमेकांचे झालेल्या या जोडप्यासाठी" खास प्रार्थना म्हटली. ओपलने शहरात जाऊन निळ्या सँडल आणि फुलाफुलांचा पोहण्याचा पोशाख आणला. रोज संध्याकाळी ती कपाट उघडून सँडलकडे बघायची.

आणि मग ड्वेन जेवायला आला. ड्वेन हा हॉबर्टचा शिकारीतला जोडीदार. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे तो जेवणाच्या वेळेला हमखास हजर असे.

"ओपल, सापाचे बूट घेतलेस का गं?" त्याने बटाटे वाढून घेत विचारलं.

"कसले बूट?"

"सापाचे. गुडघ्यापर्यंत येतात ते, दंश लागू नये म्हणून. साप तंबूतसुद्धा शिरतात म्हणे तिकडे."

"कुठल्या तंबूत?"

ड्वेनने हॉबर्टकडे पाहिलं. हॉबर्टने ताटातल्या घेवड्याकडे पाहिलं. मग त्याने घसा खाकरला आणि लहान पोराच्या उत्साहाने सगळं ओकून टाकलं, ड्वेनही बरोबर येणार होता तेसुद्धा. मेक्सिकोच्या दक्षिणेकडच्या जंगलांत टर्कीची एक जात होती. त्या भागाबाहेर जगात कुठे मिळत नाही. शेपटीवर मोरासारखे डोळे, अंग निळंहिरवं, डोकं आकाशी. दिवाणखान्याच्या भिंतीवर हॉबर्टने पाच जातींच्या टर्कींच्या शेपट्या पंख्यासारख्या पसरून ठोकल्या होत्या, आणि सहावा खिळा कित्येक वर्षं रिकामा होता. ओपल त्या खिळ्यावरचीसुद्धा धूळ पुसायची.

"म्हणजे लग्नाला पस्तीस वर्षं झाली, म्हणून तू मला टर्की मारायला नेतोयस," ओपल म्हणाली.

"तुला कशाला मारायला लावीन? तू आपली तंबूपाशी बस मजेत. झोपाळा आहे. मी मुद्दाम फोन करून विचारून घेतलं झोपाळ्याचं." हे सांगताना हॉबर्टची छाती फुगली होती, ते तिला जास्त लागलं.

"आणि समुद्र?"

"आहे ना. पहिली रात्र समुद्राकाठच्या हॉटेलात. पहाटे जीप येते न्यायला."

"हॉटेलात पोचायचं किती वाजता?"

"अंधार पडल्यावर," ड्वेनने मदत केली. "पण लाटांचा आवाज येतो म्हणे छान."

ओपलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली, जेवणानंतरसाठी केलेला पीचचा केक उचलला, मागच्या अंगणात गेली आणि दोघांच्या डोळ्यांदेखत कुत्र्यापुढे ठेवून आली. ड्वेन काही बोलणार होता, पण हॉबर्टने त्याला टेबलाखालून लाथ मारली.

त्याच दिवशी ती "मी येत नाही, खड्ड्यात गेली तुझी टर्की" म्हणून मोकळी झाली असती. पण हॅटचं काय करायचं? हॅट परत करायची म्हणजे जुनीटाला कारण सांगायचं, आणि जुनीटाला कारण सांगायचं त्यापेक्षा साप बरे. पाद्रीबाबांची प्रार्थनाही होऊन गेली होती, ती काही मागे घेता येत नव्हती. झालं, घोंगडं गळ्यात पडलं. दर रविवारी बायका विचारायच्या आणि ओपल दात दाखवून उत्तर द्यायची.

"हॉटेल कसं आहे गं?"

"मोकळं आहे. हवा खेळती आहे."

"बाग आहे?"

"झाडं पुष्कळ आहेत."

"खोलीतून काय दिसतं?"

"झोपाळा," ओपल म्हणायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

घरी हॉबर्टची वेगळीच तऱ्हा. टर्कीच्या शिकारीत एक रबरी पिपाणी असते. ती गालात धरून मादीचा आवाज काढायचा, की नर भुलून जवळ येतो. हॉबर्ट ती पिपाणी दात घासतानासुद्धा काढत नव्हता. खुर्चीत बसून, डोळे मिटून, तो असा काही लाडीक, आर्जवी, गहिवरलेला आवाज काढायचा की दगडाला पाझर फुटावा.

"पस्तीस वर्षांत माझ्याशी कधी या आवाजात बोलला नाहीस," ओपल एकदा म्हणाली.

हॉबर्टने पिपाणी जिभेने गालात सरकवली. "तू नर टर्की आहेस का?" तो म्हणाला आणि पुन्हा डोळे मिटले.

ओपल तडक उठली. ती मागच्या दाराकडे गेली. दारामागे हॉबर्टची शिकारीची बंडी टांगलेली होती.

या बंडीबद्दल सांगायला हवं. अंगभर खिसे असलेली, झाडपाल्याच्या रंगाची ती बंडी बावीस वर्षं धुतलेली नव्हती. या भागात शिकाऱ्याची बंडी कुणी धूत नाही, पाण्याबरोबर नशीब वाहून जातं म्हणतात. घाम, रक्त, चिखल, सगळं तिच्यात थरावर थर साचलेलं होतं. कुठल्याही बाईने नवऱ्याच्या बंडीला पाणी लावल्याचं त्या गावात कुणी ऐकलेलं नव्हतं.

ओपलने ती शेगडीच्या चिमट्याने उचलली. एकेक खिसा उलटा करून झटकला. सुटी काडतुसं निघाली, चघळलेला गम निघाला, एक वाळलेली गोचीड निघाली. मग तिने बंडी मशीनमध्ये टाकली, लायलॅक फुलांच्या सुगंधाचा साबण दुप्पट ओतला आणि कढत पाणी लावलं. झाल्यावर पुन्हा एकदा लावलं. तिला फार दिवसांनी बरं वाटलं.

संध्याकाळी हॉबर्टने दारातच नाक वर केलं. मग तो बंडीपाशी गेला, बाही नसलेल्या खांद्याशी नाक नेलं आणि तिथेच स्टुलावर बसला.

"बावीस वर्षं, ओपल," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"मला पस्तीस झाली."

"मैलभरावरून वास येईल आता टर्कीला."

"टर्कीला वास येत नाही. सगळ्या गावाला तूच सांगत असतोस. वास मला येतो."

"वासाचा प्रश्न नाही, नशिबाचा आहे. कळतंय का तुला काय केलंस ते?"

"चांगलं कळतंय. म्हणून तर दोनदा लावली."

त्यानंतर घरात बोलणं बंद. मीठ हवं असलं तरी दोघं कुत्र्याला सांगायची. हॉबर्टने बंडी ओढ्याच्या चिखलात लोळवली, शेजाऱ्याच्या डुकरांच्या कुंपणावर आठवडाभर टांगली. लायलॅक काही हटेना. उलट चिखल, डुक्कर आणि लायलॅक मिळून असा काही दर्प तयार झाला की शेजाऱ्यानेच ती आणून दिली. हॉबर्टचं अवसान गळालं.

शेवटी ड्वेनने मार्ग काढला. निघायच्या आदल्या दिवशी तो आपल्या वारलेल्या वडिलांची बंडी घेऊन आला. ती टेबलावर ठेवली तर स्वतःच्या जोरावर उभी राहिली.

"बाबांनी उभ्या जन्मात धुतली नाही," ड्वेन म्हणाला, आणि ओपलकडे न बघता पुढे म्हणाला, "आईने कधी विचारलंसुद्धा नाही."

"आण इकडे," ओपल म्हणाली. "मशीन रिकामंच आहे."

हॉबर्टने झडप घालून बंडी छातीशी धरली. कित्येक आठवड्यांत तो पहिल्यांदाच तिच्याशी बोलला. "हात लावायचा नाही."

"निदान खिसे तरी बघू दे."

"खिशातच तर नशीब असतं. खिशात हात घातलास तर याद राख."

"नाही घालत," ओपल म्हणाली. आणि नाहीच घातला.

एकोणीस एप्रिलला सकाळी तिघं विमानतळावर उभी होती. बंदुका तिकडेच भाड्याने मिळणार होत्या, त्यामुळे बरोबर फक्त बॅगा होत्या. बंडी मात्र हॉबर्टने अंगात घातली होती, कारण बॅग हरवली तर नशीबही हरवलं असतं. रांगेतल्या लोकांनी त्याच्या पुढेमागे बरीच मोकळी जागा सोडली होती.

तपासणीला ओपल पहिली गेली. तिच्या पिशवीत सँडल, पोहण्याचा पोशाख आणि टॉवेल, बस. ड्यूटीवरची बाई म्हणाली, "हॅट छान आहे हो." ओपल पलीकडे जाऊन उभी राहिली.

मग हॉबर्टची बंडी यंत्रात गेली आणि पट्टा थांबला. यंत्रामागचा माणूस पडद्याकडे वाकून बघू लागला. त्याने दुसऱ्याला बोलावलं. दुसऱ्याने हातमोजे चढवले, नाक दुसरीकडे वळवलं आणि खिशाच्या फाटक्या अस्तरातून एक काडतूस बाहेर काढलं.

"हे काय आहे, साहेब?"

"ते... जुनं आहे," हॉबर्ट म्हणाला.

"बंडी कोणाची?"

"माझी नाही. याची आहे." हॉबर्टने सरळ ड्वेनकडे बोट दाखवलं.

"माझी कुठली?" ड्वेन म्हणाला. "माझ्या बापाची."

"बाप कुठे आहेत?"

"वारले."

त्या माणसाने डोळे मिटून घेतले. मग पुन्हा अस्तरात हात घातला आणि दुसरं काडतूस काढलं. मग तिसरं. त्यामागून सुक्या मांसाचा एक तुकडा आला, तो कुठल्या सालचा होता ते ड्वेनलाही सांगता येईना.

"हे बघा," माणूस म्हणाला, "नावं सांगा, बंडी इथे ठेवा आणि विमान गाठा. मेक्सिकोत उतरल्यावर हे सापडलं असतं तर तुरुंगात गेला असता."

इथे गप्प बसला असता तर हॉबर्ट सुटला असता. पण गप्प बसणं त्या घराण्यातच नव्हतं.

"बंडी ठेवणार नाही," तो म्हणाला आणि ती हिसकावून छातीशी धरली. "एक धुतली गेली, ही सोडणार नाही. तुम्हाला काय कळतंय टर्कीतलं?"

"बंडी सोडणार नसाल तर तुम्हीही इथेच थांबा. आणि बंडी ज्यांच्या घरची आहे तेही."

पोलिसाला बोलावणं गेलं. ड्वेनने हॉबर्टला अशी एक शिवी दिली की मागची म्हातारी त्याला "पुन्हा म्हण" म्हणाली. तेवढ्यात विमानात बसायची घोषणा झाली.

ओपल पलीकडे हॅट धरून उभी होती. हॉबर्टने तिच्याकडे पाहिलं, आणि त्याला काहीतरी आठवल्यासारखं दिसलं.

"ओपल, थांब," तो ओरडला. "आपण उद्या जाऊ. सगळे मिळून. अगं, आज आपल्या लग्नाचा वाढदिवस आहे. अशा दिवशी एकटी कुठे निघालीस?"

पस्तीस वर्षांत तारीख त्याने आपण होऊन पहिल्यांदा काढली होती. ओपलच्या मनातला सगळा राग पुन्हा उसळून वर आला, झोपाळ्यासकट. तिने खाली वाकून बूट काढले, पिशवीतून निळ्या सँडल काढून पायात घातल्या आणि बूट कचऱ्याच्या डब्यात टाकले.

हॉबर्टने पुन्हा हाक मारायला तोंड उघडलं. पण सकाळपासून गालात विसरलेली पिपाणी ओरडण्याने जिभेवर घसरली होती. "ओपल" ऐवजी बाहेर आला तो मादी टर्कीचा आवाज. लाडीक, आर्जवी, गहिवरलेला. अख्खी रांग वळून बघू लागली.

ओपल थबकली. मागे वळून तिने नवऱ्याकडे नीट पाहिलं. तपासणीसाठी बूट काढून मोज्यांवर उभा होता, बंडी छातीशी धरून, एका बाजूला ड्वेन, दुसऱ्या बाजूला पोलीस.

"येते रे," ती म्हणाली. "जेवायला थांबू नकोस."