दुसऱ्या नंबरचा मान

सुनील आणि समीक्षाच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात त्यांचं फक्त एकाच गोष्टीवरून भांडण झालं होतं. मात्र ते रोज होत असे. शोकेसच्या मधल्या खणातल्या मधल्या जागेवर कोणी उभं राहायचं, हा तो विषय.

सुनील महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायन कारखान्यात ऑपरेटर होता आणि त्याला रोबो जमवायचा नाद होता. खेळण्यातले रोबो, लहानपणी पाहिलेल्या मालिकांतले आणि कॉमिकांतले. समीक्षा शाळेत शिक्षिका. तिला बाहुल्यांचा नाद. दोघांनी आपापल्या संग्रहाचे नंबर लावून टाकले होते आणि त्याबद्दल एकमेकांची काही तक्रार नव्हती. रोबोंमध्ये पहिला कर्नल खटका. त्याच्या छातीचा दरवाजा उघडायचा आणि आत आणखी एक छोटा दरवाजा दिसायचा. त्याच्या आत काय आहे हे सुनीलने कधी पाहिलं नव्हतं, कारण पाहिल्यावर किंमत उतरते म्हणे. शेवटचा नंबर बटाट्याचा. त्याचा एक पाय कुरिअरमध्येच कुठेतरी राहिला होता. बाहुल्यांमध्ये पहिली मिस पिंटो: चिनी मातीचा चेहरा, निळा झगा, आणि समोरच्याला न बोलता नापास करणारी नजर.

प्रश्न एवढाच होता, की सगळ्यांत मिळून पहिला कोण. सुनील सकाळी शिफ्टला गेला की मधल्या जागेवर मिस पिंटो यायच्या. तो दुपारी परतला आणि समीक्षा अजून शाळेत असली की कर्नल यायचे. दिवसातून दोनदा सत्तांतर होत असे.

अशा घरात जूनमध्ये समीक्षाचे वडील भागोजी पाय मोडून येऊन पडले. आंबेनळी घाटाच्या पायथ्याला त्यांची वाडी. फणस काढायला झाडावर चढले होते. फणस वरच राहिला आणि भागोजी खाली आले. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये अशा मताचा माणूस, पण मांडीपर्यंत प्लास्टर चढल्यावर मताला कोण विचारतं? तळमजल्यावरच्या बाहेरच्या खोलीत, बरोबर शोकेसच्या समोर, त्यांची कॉट टाकली गेली.

पहिल्याच दिवशी त्यांनी मिस पिंटोंना मधे पाहिलं आणि दुपारी कर्नलना. त्यांनी लेकीला विचारलं. तिने सगळं समजावून सांगितलं. 

"काय गो, शिकली-सवरलेली मानसं तुमी," ऐकून म्हातारा म्हणाला, "आनि खेलन्यांचं नंबर लावताव?"

हे बोलायचा अधिकार जगात ज्यांना नव्हता त्यांत भागोजी अग्रभागी होते. त्यांच्या वाडीत शिमग्याला पालखीपुढे नारळ फुटतात. पहिला नारळ देवाचा, त्याबद्दल वाद नाही. दुसरा मानकऱ्याचा, आणि तो मानकरी कोण यावरून भागोजींची भावकीशी महाडच्या कोर्टात केस चालू होती. समीक्षा पाळण्यात होती तेव्हापासून. निकाल लागेपर्यंत दुसरा नारळ कोणीच फोडायचा नाही असं ठरल्यामुळे त्या वाडीत पहिल्यानंतर एकदम तिसरा नारळ फुटतो. मधे सगळे थोडं थांबतात, एकमेकांकडे रागाने बघतात, मग ढोल वाजतो.

जुलैत एका सकाळी भोंगा वाजला. महाडकरांना भोंग्याचा अर्थ सांगावा लागत नाही. सावित्री नदीचं पाणी चढतंय, सामान वर न्या. वरच्या मजल्यावर घरमालकीण गीताबाई राहायच्या. त्यांनी दार उघडून ठेवलं. सुनीलने सरळ शोकेस गाठलं आणि कर्नल खटक्यांना छातीशी धरून जिना चढला. मागोमाग मिस पिंटोंना पदरात घेऊन समीक्षा. दोघं खाली आली आणि दोन नंबरचे उचलून वर गेली. मग तीन नंबरचे. घाईतसुद्धा कोणी नंबर चुकवला नाही हे मान्य करायला हवं.

भागोजी कॉटवर बसून ही मिरवणूक पाहत होते. सुनीलला वाटलं, बाबांना समीक्षा सांगेल तेव्हा नेऊ. समीक्षाला वाटलं, बाबा जड आहेत, ते यांचं काम. शेवटी शोकेस रिकामं झालं आणि सुनील बटाट्याला खिशात कोंबून वर ठेवून आला. मग धापा टाकत कॉटजवळ वाकून म्हणाला, "चला, बाबा."

भागोजी हलले नाहीत.

"सुनीलराव, ता खिशातून नेलाव ता कोन?"

"बटाट्या."

"त्याला पाय किती?"

"एक."

"मला दोन हायत," भागोजी म्हणाले. "एक मोडलाय, पन हाय."

 त्या दिवशी पाणी बाजाराच्या तोंडाशी येऊन परत गेलं. सगळं सामान खाली आलं, पण भागोजींनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. जेवायला विचारलं तर, "आधी त्या एकपायाला वाढा." रुसायचा हक्क पूर्वापार जावयाचा, तो सासऱ्याने हिसकावून घेतला होता आणि सुनीलला नियम कुठे बघावा हेच कळेना. तिसऱ्या दिवशी भागोजींनी जाहीर केलं, की ते प्लास्टरसकट एसटीने वाडीला जाणार आणि भर चावडीत सांगणार, जावयाच्या घरात माझा नंबर लंगड्या बाहुल्याच्या खाली लागला.

समीक्षा स्वयंपाकघरात रडली. ती एरवी रडणारी नव्हती. "भावकी यावर पिढ्यान्पिढ्या हसेल," ती सुनीलला म्हणाली. "बाबा परत तुमचं तोंड बघणार नाहीत. माझं माहेर तुटलं म्हणून समजा." तिचा चेहरा बघून सुनीलला मनापासून लाज वाटली. बायकोच्या बापाला विसरायचं, आपण माणूस आहोत की कोण?

संध्याकाळी तो कॉटजवळ खुर्ची घेऊन बसला. विषय काढायचा म्हणून त्याने नंबर कसे लागतात ते सांगायला सुरुवात केली: मूळ खोका असला तर मान जास्त, रंग उडाला तर कमी, ज्याची मालिका अर्ध्यात बंद पडली त्याला सहानुभूतीचे दोन गुण. भागोजी हळूहळू भिंतीकडून इकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणीतरी मानपानाबद्दल इतकं गंभीरपणे बोलताना भेटलं होतं. त्यांनी दोन-तीन नेमके प्रश्नही विचारले. शेवटी सुनील म्हणाला, "बाबा, चूक झाली. यापुढे या घरात पहिला नंबर तुमचा."

 भागोजी त्या रात्री पोटभर जेवले. दोघांना वाटलं, मिटलं.

आठवड्याने पुन्हा भोंगा वाजला आणि या वेळी पाणी थट्टा करत नव्हतं. गल्लीच्या टोकाला ते दिसायला लागलं तेव्हा सुनीलने शोकेसकडे पाहिलंसुद्धा नाही. प्लास्टिकची खुर्ची घेऊन तो थेट कॉटजवळ गेला. "चला बाबा, पहिले तुम्ही."

भागोजींनी दोन्ही हातांनी कॉट पकडली. "पयला नाय जायाचा मी."

"आता काय झालं?"

"पयला मान देवाचा. मानकऱ्याचा दुसरा. सगली हयात मी कोर्टात दुसरा मागतोय, आनि हितं पयला घेतला तर भावकीचा वकील काय बोलंल? बोलंल, ह्येला सोताची जागा ठावं नाय. केस जाईल माजी."

पाणी पायरीला लागलं होतं.

"बाबा, इथे कोण बघतंय?" समीक्षा म्हणाली.

"गीताबाय बघत्ये."

जिन्यात उभ्या असलेल्या गीताबाईंनी मान हलवून आपण बघतोय हे मान्य केलं. त्यांना साक्षीला जायची हौस असावी.

"मग करायचं तरी काय?" सुनील म्हणाला.

"पयला कोन ता ठरवा. त्येला आधी न्या. मंग मी हायच."

सहा वर्षं जे ठरलं नव्हतं ते आता पाणी उंबऱ्याशी असताना ठरवायचं होतं. सुनील म्हणाला, कर्नल. समीक्षा म्हणाली, मिस पिंटो. सुनीलने मूळ खोक्याचा मुद्दा काढला. समीक्षाने चिनी मातीचा काढला. पाणी उंबरा ओलांडून आत आलं आणि चपला तरंगायला लागल्या. भागोजी दोन्ही बाजू ऐकत, मान डोलवत, कॉटवर बसून होते. तारखेला बसल्यासारखे अगदी निवांत. पाणी घोट्यापर्यंत आलं तेव्हा सुनीलने बापाकडे बघणाऱ्या बायकोचा चेहरा पाहिला आणि त्याचा सगळा युक्तिवाद संपला.

"मिस पिंटो पहिल्या," तो म्हणाला. "घे आणि चढ."

मिस पिंटो वर गेल्या. त्यांच्यामागे खुर्चीत बसून, ताठ मानेने, पालखीत बसल्यासारखे भागोजी. खुर्चीचे पुढचे पाय सुनीलने धरले होते, मागून समीक्षा आणि गीताबाई. तिघांच्याही कंबरा त्या दिवसापासून बोलतात. शोकेसमधली बाकीची मंडळी उंचावर असल्याने वाचली. फ्रिज मात्र गेला. त्याला कोणी नंबरच दिला नव्हता.

चिखल काढून झाल्यावर सुनीलचं डोकं ताळ्यावर आलं. घोटाभर पाण्यात दिलेला कबुलीजबाब आपण मानत नाही, तो दबावाखाली घेतलेला आहे, असं त्याने सांगितलं. समीक्षा उसळली. दोघं न्यायासाठी कॉटकडे वळली.

"बरोबर हाय जावयाचं," भागोजी म्हणाले. "अपील व्हतं ह्येच्यावर. निकाल लागस्तोवर जैसे थे. मधली जागा रिकामी ठेवा, कुनी शिवायचं नाय."

एवढा समतोल निवाडा त्यांच्याकडून कोणालाच अपेक्षित नव्हता. मधली जागा रिकामी झाली. मग भागोजींनी सदऱ्याच्या खिशातून, कोर्टाच्या कामासाठी कायम जवळ असलेला, स्वतःचा पासपोर्ट फोटो काढला आणि रिकाम्या जागेच्या शेजारी, उजव्या अंगाला, लेकीकडून उभा करून घेतला. तो दुसरा नंबर. त्याबद्दल वाद नव्हता.

प्लास्टर निघालं, भागोजी वाडीला गेले. भर चावडीत त्यांनी जावयाची तोंड भरून स्तुती केली. मान कसा द्यायचा तो महाडात जाऊन बघा, म्हणाले. समीक्षाचं माहेर पहिल्यापेक्षा घट्ट झालं. शिमग्याला वाडीत पहिल्यानंतर थेट तिसरा नारळ फुटला, आणि भागोजी पहिल्यांदाच कोणाकडे रागाने न बघता उभे राहिले. पालखी पुढे गेल्यावर त्यांनी लेकीला फोन केला.

"काय गो, फोटो हाय ना जागंवर?"

"आहे, बाबा. आणि एक आनंदाची बातमी. आम्ही दोघांनी बसून मिटवायचं ठरवलंय. या रविवारी पहिला नंबर ठरवून टाकतो."



"येडं झालाव काय?" भागोजी म्हणाले. "पयली जागा रिकामी हाय तवर दुसराच पयला असतो. माजा वकील देतो दोघांना. जरा तारखा पडू द्या."