रावजींचा वारस आणि एक जड आहेर

पोटच्या पोराबद्दल वाईट लिहू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या पोटी आमचा भारत जन्मलेला नाही!

बेचाळीस वर्षांचा बाप्या. मिशा आहेत. अक्कलकोट रोडच्या चादरीच्या कारखान्यात मागावरची माणसं सांभाळतो, त्यांच्यावर ओरडतो. पण अंगणात सरडा दिसला की खुर्चीवर चढून मला हाका मारतो. मी जाऊन सरडा हुसकते. मग हा वरूनच विचारतो, "नक्की गेला का? कुणीकडं गेला? परत यील का?" जसा काय सरडा मला पत्ता देऊन गेलाय!

दुसऱ्या कुणाचं पोर असतं तर मी बोलले नसते. पण हा रावजींचा पोरगा!

रावजी म्हणजे आमचे मालक. टीव्हीवर 'माळावरची मंडळी' बघितली नाही असं घर सोलापुरात नाही, आणि असलंच तर त्या घरात टीव्ही नाही. मूळचा सांगोल्याकडं मेंढरं राखणारा माणूस. एकदा टीव्हीवाले माळावर वाट चुकले. मालक त्यांना वाट सांगायला लागले ती लांडग्यावर गेली, लांडग्यावरून खोकडावर, खोकडावरून माळढोकावर. दिवस बुडाला, वाट राहिली बाजूला, आणि कार्यक्रम तयार झाला. पुढं सोळा वर्षं चालला. डोक्याला टॉवेल गुंडाळून दगडावर मांडी घालायची आणि शेजारच्या घरातलं भांडण सांगावं तसं कोल्ह्याचं सांगायचं. जनावराला कधी हात लावला नाही. म्हणायचे, "आपण त्यांच्या घरी आलोय. पाहुण्यानं चुलीपाशी जाऊ न्हाई." रिक्षांच्या पाठीवर त्यांचा फोटो असायचा. मंडईत गेले तर भाजीवाल्या त्यांच्याकडून पैसे घेत नव्हत्या. माझ्याकडून घेत होत्या, ते जाऊ द्या.

गेल्या साली मालक गेले आणि कार्यक्रम थांबला. मग पुण्याहून चॅनेलच्या मोठ्या साहेबांचा फोन आला. इंद्रजीत साहेब.

"केराबाई, वर्षश्राद्धाला आम्ही कॅमेरा घेऊन येतो. भारतरावांना बघतो. जमण्यासारखं असलं तर कार्यक्रम तुमच्या घरातच राहील. नाहीतर कायमचा बंद करावा लागेल."

"त्यात बगायचं काय, साहेब?" मी म्हटलं. "बापाच्या वर हाय त्यो! झोपेत बी लांडग्यासंगं बोलतो."

फोन ठेवला तर मागं सूनबाई उभी. सिद्धेश्वरी. तिला खरं बोलायची खोड आहे.

"आत्या, झोपेत ते 'वाचवा, वाचवा' म्हणतात."

"ते बी बोलणंच हाय की!"

माझा बेत अगदी सरळ होता. भारतला स्टेजवर बसवायचं. त्यानं तोंड उघडायचं नाही, बोलायचं ते मी. आणि साहेबांना फेटा बांधून असा आहेर करायचा की माणूस ओशाळला पाहिजे. आहेर घेतलेल्या माणसाला 'नाही' म्हणता येत नाही. मी तरी अजून पाहिलेला नाही.

आहेराचं तुम्हाला ठाऊकच असेल. वर्षश्राद्धाला पाहुणेरावळे दुखवट्याचे टॉवेल-टोप्या, चादरी घेऊन येतात. आमच्यात त्या कुणी वापरत नाही. आलेला आहेर पुढच्या घरी जातो, तिथून त्याच्या पुढच्या. एखादा टॉवेल चार गावं हिंडून आपल्याच दारात परत येतो, आणि आपण म्हणतो, "कशाला एवढं केलंत!" तर असल्या चादरींच्या कापडी पिशव्यांची चळत मी आतल्या खोलीत ट्रंकेवर रचून ठेवली होती.

आता पुढचं मला नंतर कळलं, पण तुम्हाला आधीच सांगते.

आमच्या सोलापुरात कुणाच्या घरात काही सरपटत निघालं, की लोक अजून रावजींचंच दार धरतात. वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळी भारतच्या कारखान्यातला शरणबसव आला. रात्रपाळीत सुताच्या गठ्ठ्याखाली मांडूळ निघालं होतं. चांगलं मनगटाएवढं. जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून त्यानं ते चादरीच्या रिकाम्या पिशवीत घातलं, तोंड बांधलं, आणि पिशवी भारतच्या हातात दिली. भारतच्या हातात म्हणजे भारतच्या छत्रीच्या टोकाला. भारतनं वनखात्याला फोन लावला. ते दुपारी येतो म्हणाले. तोवर पिशवी ठेवायची कुठं? तर जिथं कुणी जात नाही अशा आतल्या खोलीत, ट्रंकेवर!

मला सांगितलं नाही. का, तर म्हणे, "आईला कळलं असतं तर तिनं मला मांडूळ गळ्यात घालून स्टेजवर बसवलं असतं."

ही बदनामी आहे. गळ्यात नव्हे, मांडीवर.

दुपारी मांडव भरला. मालकांच्या फोटोला हार घातला. साहेब आले, दोन कॅमेरे आले. साहेबांना फेटा बांधला. मी आत जाऊन पिशव्या एकेक उचलून पाहिल्या. सगळ्या हलक्या, एक तेवढी जड. मोठ्या माणसाला हलकी चादर द्यायची का? मी जड उचलली.

मला पिशवी घेऊन स्टेजवर येताना बघून भारत उभा राहिला. तोंडाचा रंग पिठासारखा झाला होता. मला वाटलं, बापाच्या आठवणीनं गलबललं पोर.

"आई, ती पिशवी न्हवं," तो कुजबुजला.

"हीच पिशवी."

"आई, पाया पडतो. दुसरी दी."

"साहेबाला हलकी चादर देऊ व्हय? गप बस!"

माईक चालू होता. सगळ्या मांडवानं ऐकलं. साहेब खूश झाले आणि दोन्ही हातांनी पिशवी घेतली.

आता मला तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण समोर कॅमेरा. मी म्हटलं, "उघडा की साहेब! सोलापूरची चादर दिसू द्या जगाला!"

साहेबांनी गाठ सोडली. हात आत घातला.

"वा! एकदम गुळगुळीत!"

"मग! आसली हाय."

"गार पण आहे."

"उन्हाळ्याला लई बरी पडती."

"केराबाई..." साहेबांचा आवाज खाली आला. "चादर हलतेय."

मी पिशवीत डोकावले आणि एक पाऊल मागं सरकले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.

साहेबांनी पिशवी सोडली. मांडूळ बाहेर आलं आणि सतरंजीवर वेटोळं करून बसलं. त्याचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं हे ठरवायला कुणी थांबलं नाही. खुर्च्या आडव्या झाल्या. भटजी बाहेर उभ्या ट्रॅक्टरवर चढले. ज्या बायकांना गुडघ्यांमुळं खाली बसता येत नव्हतं त्या कंपाउंडवर बसलेल्या दिसल्या! आणि माझा भाऊ गुंडा, त्याच्या अशा वेळी फार अंगात येतं, तो मांडवाची काठी उपसून पुढं धावला.

"काठी टाक, मामा!"

आवाज वरून आला. बघते तर भारत मांडवाच्या खांबावर! दोन्ही पायांनी खांबाला विळखा, एक हात वरच्या आडव्या वाशाला, दुसऱ्या हातात कसा कोण जाणे, माझा माईक.

"मामा, त्याला विष न्हाय! मांडूळ हाय ते. बिळातलं जनावर, उंदीर खातं. त्याला एवढा उजेड कधी ठाऊक न्हाय, एवढी माणसं ठाऊक न्हाईत. ते भ्यालंय. मी बी भ्यालोय! माझ्यावर काठी उचलली का कुणी?"

गुंडानं काठी खाली केली. भारत थरथरत होता, खांब थरथरत होता, खांबाबरोबर वरचं कापड थरथरत होतं. पण बोलणं थांबेना.

"लोक म्हणतात याला दोन तोंडं. दोन कशाला असतील? मला एक हाय तर आईपुढं तेबी उघडत न्हाय! शेपूट बोथट हाय त्याचं. कुणी आंगावर आलं तर ते डोकं लपवतं आन् शेपूट पुढं करतं. शाणं हाय. मलाबी शेपूट असतं तर मी तेच केलं असतं."

लोक हसायला लागले. कंपाउंडवरच्या बायका खाली उतरल्या. कॅमेरावाला पुढं सरकला.

"साहेब, तुमी जवळ हाय. पिशवीचं तोंड त्याच्याम्होरं धरा. हलू नका. अंधार दिसला की जातंय आपणहून. मी हाय हितं."

आणि फेटा बांधलेले इंद्रजीत साहेब, पुण्याचे, गुडघ्यावर बसले. दोन्ही हातांनी पिशवी धरली. मांडूळ हळूहळू, लग्नातून शेवटी निघणाऱ्या म्हाताऱ्यासारखं, आत गेलं. शरणबसवनं तोंड बांधलं. टाळ्या!

साहेबांनी घाम पुसला आणि स्वतःच्या हातांकडं बघत राहिले.

"रावजी बोलायचे तेव्हा वाटायचं, हे फक्त रावजींनाच जमणार. भारतराव, तुम्ही बोललात आणि मी, घरात झुरळ निघालं तर वॉचमनला बोलावणारा माणूस, मी साप पिशवीत घातला! कार्यक्रम तुमचा. एकच अट. तुम्ही धीट व्हायचं नाही. करारात घालतो मी तसं."

"ते जमंल," भारत वरून म्हणाला.

सिद्धेश्वरीनं डोळ्याला पदर लावला. गुंडा जिलेबी वाटावी तसा सगळ्यांना सांगत सुटला की माझ्या भाच्यानं मला अडवलं म्हणून, नाहीतर दाखवलंच असतं. पाहुणे मला म्हणायला लागले, "केराबाई, काय नियोजन केलंत!" मी नाही म्हटलं नाही. आलेल्या माणसांचं मन कशाला मोडा.

पण भारत काही खाली येईना. चढताना कसा चढला ते त्यालाच ठाऊक नव्हतं. शेवटी शिडी आणली. तो वरून विचारतो, "पिशवीची गाठ घट्ट हाय का? कुणी बगितली?"

मी खांबाखाली जाऊन उभी राहिले. कॅमेरा अजून चालू होता. असू दे म्हटलं.

"भारत, तुझा बाप माणसांना जनावरं दाखवायचा. तू जनावरांना भ्यालेला माणूस दाखव. चालंल मला. पण आदी खाली उतर, खीर गार व्हायलीय."