खूण सांगितल्याशिवाय वस्तू मिळणार नाही

"काका, तपासणीचं ठिकाण मी असं निवडणार, की मला फसवायला आलेला हात जोडून परत जाईल," खिडकीवाले छातीठोकपणे म्हणाले. "दुसऱ्याच्या बॅगेला आपली म्हणणारे रोज ओळखतो मी. मग डॉक्टर ओळखता येणार नाही?"

बस डेपोत हरवलेलं सामान परत देण्याची एक खिडकी होती. तिच्यामागे बसत म्हणून सगळे त्यांना खिडकीवाले म्हणत. समोर उभे होते छत्रीवाले काका, निवृत्त शिंपी. त्यांची काळी छत्री कधीकाळी बसमध्ये राहिली म्हणे, आणि तेव्हापासून ते रोज दुपारी चौकशीला येत. एखाद्याचं देवदर्शन चुकेल, पण काकांचा नेम चुकत नसे.

"कसली तपासणी?" काकांनी विचारलं.

"एडीएचडी म्हणतात. लहानपणापासून असतं, कळतं मात्र कधीकधी चाळिशीनंतर. मन एका जागी ठरत नाही. त्यावरचा मोठा लेख मी एका बैठकीत वाचला."

"मग ठरलं की मन."

"भात करपला ना पण."

खिडकीवाल्यांचं असंच होतं. परक्याचा हातमोजा कुठल्या फळीवर आहे ते झोपेतही सांगतील, पण स्वतःचा चष्मा त्यांनी सापडलेली वस्तू म्हणून रीतसर नोंदवून घेतला होता. परत घेताना स्वतःलाच खूण विचारली. आयुष्यभर लोक वेंधळा म्हणत आले, तेही हसत आले. खोलीवर परतलं की मात्र हसायला कुणी नसे. कुणा जाणत्या माणसाने आपल्याला नीट पाहून एकदा सांगावं, की हा नुसता वेंधळेपणा आहे की आणखी काही, एवढीच त्यांची इच्छा होती.

त्यांनी तीन ठिकाणी फोन केले. तपासणार कोण, वेळ किती देणार आणि निदान झालं तर पुढे काय, हे तिन्हीकडे विचारलं.

पहिल्या ठिकाणचा माणूस म्हणाला, "वीस मिनिटांत रिपोर्ट. तुमच्या बोलण्यावरूनच कळतंय, तुम्हाला आहेच."

खिडकीवाल्यांनी फोन ठेवला. वस्तू न बघताच 'माझीच' म्हणणाऱ्याला त्यांनी कधी दारात उभं केलं नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर चांगले होते, पण नंबर यायला इतका वेळ, की तोवर खिडकीवालेही काकांसारखे निवृत्त झाले असते. तिसरीकडे मानसोपचारतज्ज्ञ बाई स्वतः तपासत, दोन-तीन बैठका घेत, नंतरही भेटत. ठिकाण ठरलं.

फोन ठेवता ठेवता तिथली मुलगी म्हणाली, "येताना तुम्हाला लहानपणापासून ओळखणारं कुणीतरी सोबत आणा."

"आणतो," खिडकीवाले म्हणाले.

मग ते मागच्या फळ्यांकडे बघत बसले. आईवडील गेलेले. भावंड नाही. ज्या शेजारणीच्या मांडीवर वाढले, तीही गेली. त्या फळ्यांवरच्या तुटक्या पिशवीलासुद्धा आज ना उद्या शोधत कुणी येण्याची आशा होती.

दुपारी काकांनी सगळं ऐकून घेतलं. "त्यात काय? मी येतो. मी तुझा मामा."

"अहो, पण तुम्हाला माझ्या लहानपणचं काय माहीत?"

"तू सांग. मी पाठ करतो."

खिडकीवाल्यांनी सांगितलं: शाळेतून एकाच पायात बूट घालून घरी आलो, परीक्षेत खिडकीबाहेर बघत बसलो आणि पेपर कोरा दिला, दळण आणायला निघालो आणि गारुड्यामागे दुसऱ्या गावी पोहोचलो. काकांनी घोकून घोकून पाठ केलं.

सुट्टीच्या दिवशी दोघं बाईंसमोर बसले. बाईंनी विचारलं, "मामा, लहानपणी कसे होते हे?"

काकांनी भाच्याकडे पाहिलं. तो बिचारा खुर्चीत अंग चोरून बसला होता. परक्या बाईंपुढे त्याची उणीदुणी काढायला काकांची जीभ रेटेना.

"अतिशय शांत," काका म्हणाले. "एका जागी बसवला की हलायचा नाही. पहिला नंबर. बूट तर असे जपायचा, की लहान झाले तरी नवे."

"मामा," खिडकीवाले कळवळून म्हणाले, "बूट."

"तेच सांगतोय. दोन्ही बूट."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मामा, यांची एखादी खूण सांगा. वरवर बघणाऱ्याला दिसणार नाही अशी."

खिडकीवाल्यांनी डोळे मिटले. या प्रश्नावर भलेभले उघडे पडताना त्यांनी पाहिले होते.

काकांनी पाठ केलेलं सगळं सोडून दिलं. मग म्हणाले, "हा दुपारी जेवायचं विसरतो. डबा शेजारी असतो, तरी विसरतो. मी खिडकीशी गेलो की त्याला जेवणाची वेळ झाल्याचं आठवतं. म्हणून मी जातो, बाई. छत्री तर हरवली त्याच आठवड्यात मला घरी दारामागे सापडली होती. मी मामाबिमा कुणी नाही."

खिडकीवाल्यांनी डोळे उघडले. आणि मग ते जे बोलायला लागले ते थांबेचनात. बूट, कोरा पेपर, गारुडी, करपलेला भात, सगळं एकात एक गुंतून बाहेर आलं. बाईंनी पुन्हा पेन उचललं.

शेवटी त्या म्हणाल्या, "माझ्याशी खोटं बोलू नका, निदान चुकेल. कुणी नसेल तर शाळेचं जुनं प्रगतिपुस्तक चालतं. तेही नसलं तर आपण दोघं बोलून काढू वाट. एवढं फोनवर विचारायचं राहिलं का?"

राहिलं होतं. तीन ठिकाणी तीन-तीन प्रश्न विचारून नेमकं हेच राहिलं होतं. "पुढच्या बैठकीला या," बाई म्हणाल्या, आणि दारापर्यंत आल्यावर हलकेच, "मामांनाही आणा."

दुसऱ्या दिवशी दुपारी काका खिडकीशी हजर.

"काळी छत्री आली का हो?"

"खूण सांगा," खिडकीवाले म्हणाले.

"आधी डबा उघड."

खिडकीवाल्यांनी मोठ्या ऐटीत डबा पुढे ओढला, झाकण काढलं. दोघांनी आत वाकून पाहिलं. डबा स्वच्छ घासलेला होता. सकाळी भरायचाच राहिला होता.

काकांनी पिशवीतून आपला डबा काढला आणि खिडकीतून आत सरकवला.

"हे बाईंना सांगायचं राहिलं बघ," ते म्हणाले.